नीळ देणे

नीळ देणे : धुतलेल्या पांढऱ्या सुती कपड्यांना, विशेषतः चादरी, पलंगपोस व उशांचे अभ्रे यांना, शेवटच्या पाण्यात फिकट निळी झाक देण्याची प्रक्रिया. वापराने सुती कापडावर पिवळट छटा चढते. नीळ ती काढत नाही. पिवळा व निळा हे परस्परपूरक रंग असल्याने ती पिवळट छटा डोळ्याला जाणवेनाशी होते. कापडावरून परतणारा प्रकाश प्रत्यक्षात किंचित घटतो, तरी कापड अधिक शुभ्र दिसते.

‘नीळ’ (संस्कृत नीली) हे मुळात इंडिगोफेरा टिंक्टोरिया या झुडपापासून काढलेल्या रंगाचे नाव. त्यावरून धुण्याची नीळही वनस्पतिजन्यच असा समज आढळतो. पूर्वी वनस्पतिजन्य नीळ वापरात होती, यूरोपात कोबाल्टयुक्त काचेची पूडही वापरीत. परंतु साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भुकटी व वड्यांत मुख्यतः कृत्रिम अल्ट्रामरीन हे निळे रंगद्रव्य आले. नाव टिकले, द्रव्य बदलले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कृत्रिम अल्ट्रामरीनच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. लाजवर्द दगडापासून मिळणारे नैसर्गिक द्रव्य अतिशय महाग असल्याने फ्रान्समध्ये 1824 साली 6,000 फ्रँकांचे पारितोषिक जाहीर झाले. फ्रेंच रसायनज्ञ गीमे यांनी कृत्रिम अल्ट्रामरीन 1826 च्या सुमारास तयार केले, पण कृती गुप्त ठेवली. जर्मनीत रसायनज्ञ ग्मेलीन यांनी 1828 मध्ये आपली कृती प्रसिद्ध केली. पारितोषिक गीमे यांना मिळाले. प्रथम निर्मिती गीमे यांची व प्रथम प्रकाशन ग्मेलीन यांचे, ही विभागणी न्याय्य ठरते.

अल्ट्रामरीन पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण तरंगतात व हळूहळू तळाशी बसतात. घरगुती रीतीतील सगळी काळजी यातूनच आली आहे. नीळ फडक्यात बांधून पुरचुंडी बादलीत हलवतात. ओंजळीतले पाणी आकाशी दिसले की पुरे. साबण पूर्ण निघालेली, ओली चादर घडी मोडून एकदम बुडवावी व लगेच वर काढावी, कारण चुणीत कण साचले की निळे पट्टे उमटतात. असा पट्टा उमटल्यास तो भाग व्हिनेगरच्या पाण्यात बुडवतात : आम्लाने अल्ट्रामरीनचे विघटन होऊन रंग उडतो, वेळी कुजक्या अंड्यासारखा वासही येतो. काही निळींत असणाऱ्या प्रशियन निळ्या या लोहयुक्त रंगद्रव्याचे उलट आहे. ते साबणातल्यासारख्या अल्कलीने मोडते, म्हणून साबण राहिलेल्या चादरीवर त्यातील लोहाचे तांबूस डाग पडतात.

उजालासारख्या द्रव निळीत विरघळणारा जांभळट रंग असतो. तिचे कण बसत नाहीत.