शेअर बाजारासाठी जास्त स्क्रीनचा कॉम्प्युटर : घेण्याआधी हे वाचा

दुकानात आल्यावर बरेच जण मोबाइलवरचा एक फोटो पुढे करतात. अंधारी खोली, सहा स्क्रीन, सगळीकडे लाल-हिरव्या कँडल (भावाची चढउतार दाखवणारे चार्टवरचे दांडे), टेबलाखाली निळे दिवे. "हे असं करून द्या." करून देतो, तो आमचा धंदाच आहे. पण सांगली-मिरज-कुपवाडमध्ये आम्ही बसवलेल्या मशीनबद्दल परत फोन येतो तो स्क्रीन कमी पडल्याचा क्वचितच असतो. लाइट गेली आणि मशीन बंद पडलं, नेट गेलं, तिसरी स्क्रीन लागतच नाही, मान दुखते, अशी कारणं असतात. म्हणून हे पत्रक. यात भाव छापलेले नाहीत, कारण रॅम आणि एसएसडीचे भाव हळदीसारखे चढतात-उतरतात. कोटेशन त्या दिवशीचं मिळेल.

स्क्रीन किती?

एक कागद घ्या आणि सव्वानऊ ते साडेतीन या बाजाराच्या वेळात डोळ्यांसमोर सतत काय लागतं ते लिहा. "कधीतरी लागतं" त्यात धरू नका, त्यासाठी एका विंडोवरून दुसरीवर नेणारं ऑल्ट-टॅब आहे. ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाने पुढे घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे) रोज काम करणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा तीनवर थांबते. मधे मुख्य चार्ट, एका बाजूला ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या ऑप्शनच्या भावांची यादी, दुसऱ्या बाजूला ऑर्डर आणि पोझिशन, म्हणजे आपले चालू सौदे. डिलिव्हरीत शेअर घेऊन ठेवणाऱ्याला एक चांगली २७ इंची पुरते. त्यांना आम्ही दोन विकत नाही.

मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी सहा स्क्रीन मागायला आले होते. कागद लिहून झाल्यावर दोन घेऊन गेले. एकीवर एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातला हळदीचा वायदा, दुसरीवर टॅलीतला स्वतःचा साठा. निजामाबाद आणि इरोडचे भाव त्यांना फोनवर कळतात, त्यासाठी स्क्रीन कशाला?

२४ इंची फुल एचडी स्क्रीन कडेसकट साधारण ५४ सेंटिमीटर रुंद असते. तीन सरळ रांगेत ठेवल्या तर सव्वापाच फुटांच्या वर जातात. बाजूच्या दोन थोड्या आत वळवल्या की पाच फुटी टेबलावर बसतात. चार फुटी टेबल असेल तर एक स्क्रीन उभी करा. वॉचलिस्ट, म्हणजे नजर ठेवायच्या शेअरची यादी, खाली-खाली जाते, तिला उभी स्क्रीनच बरी. मागे १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं असलेलीच स्क्रीन घ्या, म्हणजे पुढे स्टँडच्या हातावर चढवता येते. स्वस्तातल्या काही मॉडेलना ती नसतात आणि ते नंतर कळतं.

"त्यापेक्षा ४३ इंची टीव्ही लावू का?" हाही नेहमीचा प्रश्न. फोर-के पडद्यावर चार फुल एचडी स्क्रीनइतके ठिपके मावतात, मधे कडाही येत नाहीत, हिशेब चुकीचा नाही. मात्र बरेच टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतात. सिनेमात ते कळत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरचे बारीक लाल आकडे मात्र पसरलेले दिसतात, आणि तोट्याचे आकडे लालच असतात. टीव्हीच लावायचा असेल तर त्या इनपुटला पीसी मोड करून, लाल अक्षरं दुकानातच बघून घ्या. एचडीएमआय जुनं, १.४ चं असेल तर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवर अडकतं आणि माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो.

पॅनेल आयपीएस घ्या. बाजूच्या स्क्रीनकडे आपण तिरकं बघतो, आणि स्वस्त टीएन पॅनेलचे रंग तिरकं बघताना बदलतात. आमच्याच एका ग्राहकांना लाल आणि हिरवा यातला फरक नीट कळत नाही, हे त्यांना स्क्रीन निवडताना कळलं. तोपर्यंत ते कँडलचा रंग न बघता आधीच्या कँडलशी ताडून काम करत होते. चार्टच्या सेटिंगमध्ये निळा आणि नारिंगी करून दिला, पाच मिनिटांचं काम.

पोर्ट, कार्ड आणि वायर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर.

तासगावचे एक बेदाणा व्यापारी बाहेरून एचडीएमआय स्प्लिटर घेऊन आले. एक वायर आत, दोन बाहेर. लावल्यावर दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र. स्प्लिटर तेवढंच करतो, एका चित्राच्या दोन प्रती काढतो. वेगळ्या स्क्रीनवर वेगळा चार्ट हवा असेल तर प्रत्येक स्क्रीनला स्वतंत्र पोर्ट लागतो. अपवाद डिस्प्लेपोर्टचा. त्यात एमएसटी नावाची सोय असते आणि एका पोर्टवरून दोन-तीन वेगळ्या स्क्रीन निघतात, पण त्यासाठी एमएसटी हब किंवा डिस्प्लेपोर्ट आउट असलेली स्क्रीन हवी. एचडीएमआयला ही सोय नाही.

इंटेलच्या बाराव्या पिढीच्या आय-५ मधलं आतलं ग्राफिक्स चार स्क्रीन चालवू शकतं. तरी मदरबोर्डाच्या मागे बहुतेकदा एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, असे दोनच पोर्ट असतात. म्हणजे दोन स्क्रीनना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि तीन पोर्टचा बोर्ड शोधला तर तीननाही लागत नाही. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्सच नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून लोक घेतात आणि मग मदरबोर्डाच्या पोर्टला वायर लावून काळ्या पडद्याकडे बघत बसतात.

चार स्क्रीनला कार्ड घ्या, पण गेमचं घेऊ नका. एनव्हिडियाच्या टी४०० ला तीन मिनी डिस्प्लेपोर्ट असतात आणि ते सुमारे ३० वॅट खातं. टी१००० ला चार असतात, ५० वॅट, वेगळी पॉवर वायर लागत नाही. गेमचं महागडं कार्डही एका वेळी चारच स्क्रीन चालवतं, वर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मोठा, उष्णता जास्त आणि एप्रिलमध्ये पंख्याचा आवाज. कँडल काढायला एवढी ताकद लागत नाही. सहा स्क्रीन हव्याच असतील तर कार्डावर चार आणि मदरबोर्डावर दोन, असं जमतं. मात्र कार्ड बसवल्यावर बऱ्याच बोर्डांवर आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. ते बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आम्ही करूनच देतो. यूएसबीवरून स्क्रीन काढणारे अ‍ॅडॉप्टर प्रोसेसरला कामाला लावतात. लॅपटॉपवाल्यांनी नाइलाज असेल तरच घ्यावेत.

प्रोसेसरबद्दल एवढंच, की ब्राउझरमधले चार्ट मुख्यतः एका कोअरच्या वेगावर चालतात. सोळा कोअरचा जुना सर्व्हर प्रोसेसर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. रॅम १६ जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्या. दहा-बारा चार्टचे टॅब दिवसभर उघडे राहत असतील तर ३२. हार्ड डिस्क नको, एसएसडीच.

भारी मशीनने ऑर्डर लवकर जाते, हा गैरसमज काढून टाका. घरातून निघालेली ऑर्डर आधी ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते, तिथे मार्जिन (सौद्यासाठी खात्यात ठेवायची रक्कम) तपासलं जातं, मग ती एक्स्चेंजला, म्हणजे शेअर बाजाराला पोचते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) आवारातच सर्व्हर ठेवून बसलेल्यांशी सांगलीच्या खोलीतून वेगाची शर्यत लावता येत नाही.

लाइट आणि नेट

स्क्रीनवर कमी आणि इथे जास्त खर्च करा. आमचा एवढाच आग्रह.

चार्ट बघताना मशीन आणि तीन स्क्रीन मिळून साधारण दीडशे वॅट घेतात. ६०० व्हीएचा यूपीएस नव्या बॅटरीवर दहा-बारा मिनिटं काढतो. पोझिशन बंद करायला तेवढी पुरतात, ट्रेडिंग चालू ठेवायला नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. दर सहा महिन्यांनी बाजार बंद असताना मेन स्विच काढून किती मिनिटं टिकतं ते घड्याळ लावून बघा.

घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला? इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटं बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो. पंखा आणि ट्यूबला कळत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. एका ग्राहकांनी याच कारणाने दोनदा एसएमपीएस बदलला होता, दुसरीकडून. बटण फिरवलं, प्रश्न मिटला. चांगल्या एसएमपीएसना साइन वेव्हचाच इन्व्हर्टर ठेवा, स्क्वेअर वेव्हवर ते कुरकुरतात.

आणि राउटर! कॉम्प्युटर यूपीएसवर, फायबरचा डबा आणि वायफाय राउटर साध्या प्लगवर, हे दर दुसऱ्या घरात दिसतं. लाइट गेली की स्क्रीन चालू, भाव गोठलेले. दोन्ही डबे मिळून जेमतेम पंधरा-वीस वॅट घेतात, त्यांना यूपीएसवर आणा. मशीनपर्यंत लॅनची वायर ओढा. वायफायवर चार्ट बरा चालतो, पण शेजारच्या खोलीत मुलांचं गाणं-व्हिडिओ सुरू झालं की अडखळतो. दुसरं नेट म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट ठेवा, फायबर ज्या कंपनीचं आहे तिचं सिम मात्र नको. ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा (फोनवरून ऑर्डर घेणाऱ्यांचा) फोन नंबर कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा.

अर्थिंग आम्ही फिटिंगच्या वेळी मीटरने तपासतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, मग आम्ही. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. धूळ हे रोजचं कारण, आणि २०१९ चा पूर इथे कुणाला नव्याने सांगायला नको.

बसायचं कसं

मुख्य स्क्रीन बरोबर समोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. दोन मजली मांडणी फोटोत छान दिसते, पण चाळिशीचा चश्मा असेल, विशेषतः खालून जवळचं दिसणारा, तर वरची स्क्रीन वाचायला हनुवटी उचलावी लागते. दिवसातून शंभर वेळा. अशांना आम्ही एकच रांग सुचवतो. पश्चिमेची खिडकी पाठीशी येऊ देऊ नका, दुपारी दोननंतर स्क्रीनवर खिडकीच दिसते.

विंडोज ११ चा अस्सल परवाना टाकून देतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. बाजाराच्या वेळात अपडेट होऊन मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही, अशी वेळ लावून देतो. चार्टचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकून मागू नका. ज्या मशीनवर डीमॅटचा पासवर्ड टाइप होतो, त्यावर अनोळखी माणसाने फोडलेली फाइल आम्ही चढवणार नाही.

एक गोष्ट धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्यांनी किती स्क्रीन लावल्या होत्या ते त्यात नाही. कर्ज काढून सहा स्क्रीन घ्यायला आलात, तर आम्ही दोनचं कोटेशन देऊ आणि चहा पाजू.

फिटिंग

येताना टेबलाची लांबी, भिंतीवरच्या प्लगची संख्या आणि खोलीचा फोटो आणा. सव्वानऊ ते साडेतीन आम्ही कुणाच्या मशीनला हात लावत नाही. फिटिंग शक्यतो शुक्रवारी साडेतीननंतर करतो. शनिवार-रविवार भाव हलत नाहीत, त्यामुळे तपासणी खोटी ठरते. शुक्रवारी संध्याकाळी एमसीएक्स हा वायदे बाजार रात्री साडेअकरापर्यंत तरी चालू असतो, त्यावर सोनं-क्रूडचे चालते भाव सगळ्या स्क्रीनवर लावून, मुद्दाम मेन स्विच काढून, तुमच्यासमोर दाखवतो. दिवाळीत मुहूर्ताच्या ट्रेडिंगला नवं मशीन हवं असेल तर ऑर्डर दसऱ्याच्या आत द्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमचंही दुकान पूजेला असतं.