आयरिश व वेल्श इतिहासगीतांची रचना

आयर्लंड आणि वेल्स या देशांच्या इतिहासातील बंड, दुष्काळ, देशांतर, संप अशा प्रसंगांवर लोकगीताच्या वळणाने गाणी रचण्याची परंपरा. ही गाणी तोंडोतोंडी पसरतात, पण अनेकांचे कवी आणि रचनेची वर्षे ज्ञात आहेत. प्रसंग आणि रचना यांत कित्येकदा शतकाचे, क्वचित त्याहून फार मोठे अंतर असते. म्हणून अशा गाण्याला दोन काळ असतात : ज्याचे ते वर्णन करते तो, आणि ज्याला त्याची गरज भासली तो. दुसरा काळ विसरला की गाणे अर्धेच कळते.

‘बूलाव्होग’ या आयरिश गाण्यात हे स्पष्ट दिसते. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावात वेक्सफर्ड परगण्यातील शेतकऱ्यांचे नेतृत्व करणारे फादर जॉन मर्फी हा त्याचा विषय. गाणे लिहिले डब्लिनच्या पी. जे. मॅकॉल यांनी १८९८ मध्ये, उठावाच्या शताब्दीनिमित्त. चाल मात्र जुन्याच एका आयरिश गाण्याची. कडव्यांमागून कडव्यांत गावे आणि नद्या येतात : बूलाव्होग, एनिसकॉर्थी, स्लेनी नदी, शेवटी जिथे मर्फींना ठार मारले ते टुलो. नकाशा न पाहता उठावाचा मार्ग पाठ व्हावा, अशी ही बांधणी आहे.

काय गाळले, तेही तितकेच महत्त्वाचे. उठावापूर्वी याच मर्फींनी आपल्या लोकांना शस्त्रे सरकारजमा करण्याचा सल्ला दिला होता. स्कलाबोग येथे बंडखोरांनी कोठारात कोंडून शंभराहून अधिक माणसे मारली. त्यांत बहुतेक प्रॉटेस्टंट होते. गाण्यात यातले काहीच नाही. उठावाचे अनेक पुढारी स्वतः प्रॉटेस्टंट होते. १८९८ च्या आयर्लंडला मात्र कॅथलिक धर्मगुरू नायक म्हणून हवा होता. गाणे सुंदर आहे, हे कबूल करूनही त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहता येत नाही.

इतिहास शिकवण्यासाठी जाणीवपूर्वक गाणी लिहिण्याची प्रथा रुजवली ती आयरिश राष्ट्रवादी कवी टॉमस डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘द नेशन’ या साप्ताहिकात अशी गाणी छापली जात. लोकांच्या ओठांवर असलेली चाल आणि गावांची नावे, ही त्या काळापासूनची हुकमी सामग्री. मराठी वाचकाला इथे पोवाडा आठवेल. पण पोवाड्यात शाहीर प्रसंग ऐसपैस उभा करतो, मधे गद्यात समजावतो. इथे मोजक्या कडव्यांत सगळे आटोपायचे असते. त्यामुळे कवी बहुधा एका-दोघांच्याच तोंडून बोलतो.

पीट सेंट जॉन यांचे ‘द फील्ड्स ऑफ ॲथनराय’ (१९७९) असेच रचलेले आहे. १८४५ नंतरच्या महादुष्काळात मुलांसाठी धान्य चोरणारा मायकेल आणि तुरुंगाच्या भिंतीपलीकडून बोलणारी त्याची बायको मेरी ही पात्रे कल्पित. धान्य ज्याचे म्हटले आहे तो ट्रेव्हेल्यन मात्र खरा : दुष्काळ-मदतीची सूत्रे हाती असलेला लंडनच्या अर्थखात्याचा अधिकारी, पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर. दोन कल्पित माणसांशेजारी एक खरे नाव ठेवल्याने साऱ्या कथेला वजन येते. अनेकजण हे गाणे दुष्काळाच्याच काळातले समजतात. रचनाकाराला याहून मोठी दाद नाही.

वेल्समध्ये वाट वेगळी होती. तिथे हार्पची साथ, आइस्तेदवोद हे काव्य-संगीत संमेलन आणि वेल्श भाषा यांनी गाणे सांभाळले; अठराव्या शतकापासूनच्या धर्मजागृतीने मात्र जुन्या लौकिक गाण्यांना बरेच मागे सारले. ‘मेन ऑफ हार्लेख’ची चाल १७९४ मध्ये शब्दांविना छापली गेली, शब्द एकोणिसाव्या शतकात चढले, तेही अनेकांचे. परंपरेने ती हार्लेख किल्ल्याच्या १४६१ ते १४६८ या वेढ्याशी जोडली जाते. तो वेढा खरे तर इंग्लंडच्या गादीसाठी चाललेल्या दोन राजघराण्यांच्या युद्धातला; गाण्याने त्याला वेल्श अस्मितेचा लढा केले.

दाविद इवान यांचे ‘अमा ओ हीड’ (अजूनही इथेच) १९८३ चे. रोमन सेनानी माक्सेन ३८३ मध्ये ब्रिटन सोडून गेला, त्याला तेव्हा १६०० वर्षे होत होती. पण गाण्यामागची खरी कळ ताजी होती : १९७९ च्या सार्वमतात वेल्शच मतदारांनी स्वतःची विधानसभा मोठ्या बहुमताने नाकारली होती. हताश झालेल्यांना उभे करण्यासाठी इवान थेट रोमन काळापर्यंत मागे गेले. आयरिश गाणी बहुतांशी इंग्रजीत असल्याने अमेरिका-ऑस्ट्रेलियात सहज पोचली. हे गाणे वेल्शमध्ये असल्याने दीर्घकाळ त्या भाषकांपुरते राहिले. २०२२ मध्ये वेल्सचा फुटबॉल संघ ६४ वर्षांनी विश्वचषकाला पात्र ठरला आणि तेच संघाचे अधिकृत गीत झाले. वेल्श न बोलणारे हजारो प्रेक्षकही ते शब्द शिकून मैदानात गाऊ लागले.