गाठाळ लाकडाचे कातीव वाडगे

खोडावरच्या गाठी, फांद्यांची बेचकी, मुळांचे गड्डे, बुरशीने रेघाळलेले ओंडके असे फळ्या पाडायला निरुपयोगी लाकूड लेथवर (लाकूड फिरवत कातण्याच्या यंत्रावर) कातून केलेली शोभेची पात्रे. आकार बहुधा साधा असतो. खरे महत्त्व लाकडाच्या अंगच्या नक्षीला.

सरळ खोडात तंतू उभे धावतात. गाठीत सुप्त कळ्यांचे पुंजके वाढत राहतात आणि तंतू त्यांना वळसे घालत सर्व दिशांना जातात. कापल्यावर दिसणारे डोळे आणि भोवरे त्यातूनच येतात. मोरोक्कोतील थुया हा सूचिपर्णी वृक्ष किंवा भूमध्य प्रदेशातील एरिका हे झुडूप यांच्या बुंध्याशी असा गड्डा येणे हा त्यांचा स्वभावच आहे. इतर झाडांवरील गाठींमागे जखम, जिवाणूंचा संसर्ग, आनुवंशिकता अशी निरनिराळी कारणे सांगितली जातात. सर्व गाठींना लागू पडेल असे एक कारण मानणे सयुक्तिक नाही. तंतू गुंतलेले असल्याने गाठ सहज उकलत नाही. पातळ भिंतीचे पात्रही त्यामुळे टिकते.

या लाकडाची आवड प्राचीन आहे. इ.स. पहिल्या शतकात थोरला प्लिनी या रोमन लेखकाने मेपल या झाडावरील दोन प्रकारच्या गाठींचे वर्णन केले असून, त्यांतील एक मेजाएवढी मोठी मिळती तर लोकांनी ती थुयाहूनही सरस मानली असती, असे म्हटले आहे. वाडग्यांचा उल्लेख मात्र तो तेथे करीत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मेपलच्या गाठीतून कातलेली, चांदीची कड बसवलेली ‘मेझर’ नावाची पानपात्रे मठांत आणि श्रीमंत घरांत वापरात होती.

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील गाठींच्या वाडग्यांचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार वसाहतकऱ्यांनी ही कला तेथील मूळ रहिवाशांकडून घेतली. हे लोक गाठ निखाऱ्याने जाळून व खरवडून पोखरत. लोखंडी हत्यारे आल्यावर वाकड्या सुरीने कोरत. दुसऱ्या मतानुसार ती मेझरचीच परंपरा होय. लेथच्या समकेंद्री रेषा दुसऱ्या मताला आधार देतात, पण त्या केवळ हत्यार सांगतात. गाठ निवडण्याची दृष्टी कोणाची, हे त्यांवरून ठरत नाही. मेझरचा पुरावा पाहता ती दृष्टी युरोपीयांना नवी नसावी. अॅश या झाडाच्या मोठ्या गाठींचा वापर मात्र स्थानिक अनुभवातून आला असण्याची शक्यता अधिक वाटते. कालनिश्चितीही अवघड आहे. वलयांच्या दिशेने लाकूड अरीय (गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या) दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते, त्यामुळे सरळ तंतूंचा ओला कातलेला वाडगा कालांतराने लंबगोल होतो. जुनेपणाची ही परिचित खूण गाठीच्या लाकडात भरवशाची नाही, कारण तेथे आकसण्याला एक दिशाच नसते. म्हणून अशा वाडग्यांना ‘अठरावे शतक’ म्हणताना ‘बहुधा’ जोडणे आवश्यक आहे.

वेडावाकडा तुकडा लेथवर समतोल नसतो, म्हणून सुरुवातीची गती कमी ठेवतात. सालीची नैसर्गिक कड राखायची असेल तर पटाशीला क्षणात लाकूड, क्षणात पोकळी लागते. तेथे घाई केल्यास कड उडते. ओले लाकूड व्यासाच्या सुमारे एक दशांश जाडीचे कातून काही महिने सुकवतात व मग अंतिम आकार देतात. अटलांटाचे वास्तुविशारद एड मोल्थ्रॉप यांनी मोठे वाडगे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या लाकडाचे आकसणे रोखणाऱ्या रसायनात भिजवून तडे टाळले. बुरशीने कुजू लागलेल्या लाकडातील काळ्या रेषा म्हणजे शेजारच्या बुरशींनी एकमेकींविरुद्ध उभारलेल्या सीमा. त्यांच्यामधला भाग मऊ पडतो. तो घट्ट करण्यासाठी पातळ डिंक मुरवतात. अशा लाकडाची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने मुखपट्टी अनिवार्य समजावी.

आधुनिक प्रसार मुख्यतः अमेरिकेतील. केंटकीतील बेरिया महाविद्यालयात शिकवणारे रूड ऑसोलनिक टाकाऊ लाकडावर काम करीत. मेल्विन लिंडक्विस्ट व त्यांचे पुत्र मार्क यांनी तडे, साल आणि कुज यांना रचनेत स्थान दिले. प्रस्तुत लेखकाला हा टप्पा निर्णायक वाटतो, कारण तोवर दोष झाकणे हेच कसब मानले जाई. अमेरिकी कातकामगारांची राष्ट्रीय संघटना 1986 मध्ये स्थापन झाली. सावंतवाडीच्या लाखकामात कातीव लाकडाचा पृष्ठभाग रंगाखाली जातो. त्यामुळे लेथ समान असूनही तो प्रकार येथे अंतर्भूत होत नाही.