पासवर्ड बदलला, तरी चोर आतच

पासवर्ड चोरणारा मालवेअर म्हटलं की टाइप केलेली अक्षरं टिपणारा कीलॉगर आठवतो. हल्लीच्या ‘इन्फोस्टीलर’ना मात्र तुम्ही काही टाइप करण्याची वाट पाहावी लागत नाही. ब्राउझरने साठवलेले पासवर्ड ते एका दमात उचलतात.

हे पासवर्ड तर एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात ना? असतात. पण विंडोजवर क्रोमने वर्षानुवर्षं त्यांची किल्ली तुमच्या युजर अकाउंटच्या हवाली केली होती. तुम्ही लॉगिन असताना तुमच्याच नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम ती मागू शके, आणि विंडोज निमूट देई. 2024मध्ये क्रोमने ही किल्ली ब्राउझरपुरती बांधायला सुरुवात केली. काही महिन्यांतच ते चुकवण्याच्या युक्त्या आल्या.

खरा घात कुकीज करतात. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला एक सेशन कुकी (ओळखीची चिठ्ठीच) देते, म्हणजे पुन्हा पुन्हा ओळख पटवायला नको. ही कुकी दुसऱ्या संगणकावर नेली, तर तिथे बऱ्याचदा ना पासवर्ड विचारला जातो ना ओटीपी. दोन्ही तुम्ही आधीच देऊन बसलेले असता. नुसता पासवर्ड बदलून सगळीकडची जुनी सेशन्स बंद होतीलच असं नाही.

हा मालवेअर संगणकात शिरतो कसा? क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा जुना राजमार्ग. नवा प्रकार जास्त बेरकी आहे: ‘मी रोबो नाही’ असं खोटं पान तुम्हाला विंडोज आणि आर ही बटणं दाबून काहीतरी पेस्ट करायला लावतं, आणि तोच मालवेअर आणणारा आदेश असतो. खरा कॅप्चा असलं काही कधीच सांगत नाही. लुमा नावाच्या अशाच एका स्टीलरने 2025च्या मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, दोन महिन्यांत, 3 लाख 94 हजारांहून अधिक विंडोज संगणक ग्रासल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं.

संशय आला तर संगणक इंटरनेटपासून तोडा. त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलू नका, नवेही चोरीला जातील. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेल, मग बँक, मग बाकीची खाती, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’. अँटिव्हायरसला काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. काही स्टीलर काम उरकून स्वतःला पुसून टाकतात. विंडोज नव्याने टाकणं कंटाळवाणं, पण माझ्या मते तेच योग्य. ईमेलच्या सेटिंगमध्ये कुणी परस्पर फॉरवर्डिंग लावलंय का, रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे का, हेही बघा.