लॉरियल: एका ट्यूबपासून वाढलेली कंपनी आणि ती ट्यूब वापरण्याची रीत

लॉरियल पॅरिस, गार्नियर, मॅट्रिक्स, लॉरियल प्रोफेशनेल. कलरचे हे डबे शेजारीशेजारी ठेवलेले असले की ग्राहक विचारतात, यांतली चांगली कंपनी कोणती? कंपनी एकच आहे. पहिले दोन घरी लावणाऱ्यांसाठी, पुढचे दोन सलूनसाठी.

1907 च्या सुमारास पॅरिसमध्ये यूजेन श्युलेर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने केसांचा कृत्रिम रंग तयार केला. त्याआधी लोक मेंदी किंवा शिसे-चांदीचे क्षार वापरत. क्षारांनी केस काळे व्हायचे, पण निर्जीव दिसायचे. श्युलेर यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे पॅरिसमधले केशकर्तनकार, आणि सलूनशी असलेले ते नाते कंपनीने आजवर सोडलेले नाही. 1909 मध्ये नोंदवलेल्या कंपनीच्या नावाचा अर्थ होता ‘केसांसाठी निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी’. (‘निरुपद्रवी’ हा दावा जरा धाडसीच. का ते पुढे येईल.) 1934 मध्ये डॉप शाम्पू आला, पाठोपाठ आंब्र सोलेर हे उन्हात लावायचे तेल, आणि 1939 मध्ये कंपनी लॉरियल झाली.

1957 मध्ये श्युलेर वारले. त्यांच्यानंतर प्रमुख झालेले फ्रांस्वा दाल यांच्या काळात 1963 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली आणि खरेदीचा सपाटा सुरू झाला: 1964 मध्ये लँकोम, 1965 मध्ये गार्नियर, पुढे 1996 मध्ये मेबेलिन, 2000 मध्ये मॅट्रिक्स. विकत घेतलेल्या कंपनीचे नाव सहसा पुसायचे नाही, हे धोरण. म्हणून तर डब्यांवर इतकी नावे. सगळेच सौदे टिकले नाहीत. 2006 मध्ये घेतलेले बॉडी शॉप 2017 मध्ये ब्राझीलच्या नातुराला विकावे लागले. तरी 2023 ची एकूण विक्री 4,100 कोटी युरोंच्या पुढे होती.

आता ट्यूबकडे. तिच्यात तयार रंग नसतो. असतात ते पीपीडी (रंग तयार करणारे एक रसायन) किंवा त्याच्या जातीचे बारीक रेणू आणि अमोनिया. अमोनियाने केस फुगतो, वरचे खवले उघडतात. ट्यूबमध्ये मिसळायच्या डेव्हलपरमधला हायड्रोजन पेरॉक्साइड मूळ रंग फिका करतो आणि आत गेलेल्या रेणूंना जोडून मोठे करतो. मोठे झालेले रेणू बाहेर पडत नाहीत, म्हणून रंग टिकतो. याला वेळ लागतो. माजिरेल, म्हणजे लॉरियल प्रोफेशनेलचा सलूनमधला कलर, 35 मिनिटांऐवजी 15 मिनिटांत धुतला तर रेणू अर्धवट जुळलेले असतात आणि पहिल्या काही धुण्यांतच रंग उतरतो.

माजिरेलचे प्रमाण 1 : 1.5, म्हणजे 50 मिली ट्यूबला 75 मिली डेव्हलपर. 2009 मध्ये आलेल्या इनोआ या बिनअमोनियाच्या कलरचे 1 : 1. एकाचे माप दुसऱ्याला लावू नका, अंदाजाने तर नकोच. पांढऱ्या केसांसाठी 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड. 30 किंवा 40 घेतल्याने पांढरे जास्त झाकले जातात हा गैरसमज आहे. तिथे फक्त मूळ रंग जास्त उतरतो.

शेड 5.3 मध्ये 5 म्हणजे गडदपणा, .3 म्हणजे सोनेरी छटा. केस बहुतेक पांढरे असतील तर नुसती छटेची ट्यूब पारदर्शक दिसते. निम्मी साधी 5 मिसळा. आधी रंगवलेले केस फिक्या शेडने उजळत नाहीत, कारण कलर आधीच्या कलरला उचलत नाही. दर खेपेला मुळांपासून टोकांपर्यंत लावल्यास टोके काळवंडत जातात. म्हणून आधी फक्त नव्या वाढीवर लावा, आणि लांबीवर गरज असेल तरच शेवटची पाच मिनिटे.

धातूचे क्षार असलेली ‘काळी मेंदी’ लावलेल्या केसांवर पेरॉक्साइड तापू शकतो, केस तुटू शकतात. आधी कापलेल्या बटेवर करून पाहा. भांडे आणि चमचा प्लास्टिकचाच.

पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षे वापरल्यानंतरही उद्भवते, त्यामुळे ‘मागच्या वेळी काही झाले नव्हते’ याला अर्थ नाही. प्रत्येक वेळी 48 तास आधी, डब्यातल्या पत्रकाप्रमाणे त्वचेवर चाचणी घ्या. अमोनिया नाही म्हणजे ॲलर्जी नाही, असेही नाही. खाज, सूज किंवा पुरळ दिसले तर कलर लावू नका. तात्पुरत्या काळ्या टॅटूने कधी त्रास झाला असेल तर चाचणीसुद्धा नको. आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

उरलेले मिश्रण पुढच्या वेळी चालत नाही. बंद बाटलीत ठेवल्यास वायू साठून ती फुटू शकते. लगेच नळ चालू ठेवून पाण्यासोबत ओतून द्या.