बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्ग

तापीच्या उत्तरेकडून, सातपुड्याच्या पायथ्याने पूर्व-पश्चिम जाणारा खानदेशातील जुना राज्य महामार्ग. नावातली दोन्ही गावे महाराष्ट्राबाहेरची: बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, अंकलेश्वर गुजरातेत. रस्ता मात्र मुख्यतः जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा.

बऱ्हाणपूर सोडले की रावेर, मग जवळजवळ खेटून असलेली सावदा आणि फैजपूर, त्यानंतर यावल. साकळी, किनगाव, अडावद करत रस्ता चोपड्याला येतो. अनेर नदी ओलांडली की धुळे जिल्हा लागतो. शिरपूरला तो मुंबई–आग्रा महामार्गाला छेदतो. पुढे शहादा, तळोदा, अक्कलकुवा, खापर. आणि गुजरातेत सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग, वालिया.

ही गावे अशी एका ओळीत बसली याचे कारण जमिनीत आहे. तापीचे पात्र खोल आणि काठ घळींनी कापलेले, तर डोंगराच्या पोटाशी नुसते दगडगोटे. मधल्या गाळाच्या पट्ट्यात शेतीही होते आणि गाडीही चालते. अडचण आडव्या नद्यांची. सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या सगळ्या सातपुड्यातून उतरून तापीकडे जातात आणि रस्त्याला प्रत्येकीला पार करावे लागते. डोंगरात पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही पूर येतो. फरशी पुलांवरून पाणी जाऊ लागले की दोन्ही काठांना वाहने ताटकळत उभी.

पूर्वेकडचा भाग फार जुना आहे. सुरत बंदर आणि बऱ्हाणपूर यांना जोडणारा मुघलकालीन व्यापारी मार्ग नंदुरबार, शिंदखेडा असा येऊन थाळनेरला तापी ओलांडायचा आणि चोपडा, रावेरवरून बऱ्हाणपूर गाठायचा. इंग्रज राजदूत टॉमस रो १६१५ मध्ये बऱ्हाणपुरात जहांगीरचा मुलगा शहजादा परवेझच्या भेटीला याच वाटेने गेला. थाळनेर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची आधीची राजधानी, बऱ्हाणपूर नंतरची. म्हणजे वाट मुघलांच्याही आधीची धरायला हरकत नाही. आजच्या महामार्गाने थाळनेरला बाजूला टाकले आणि शिरपूरला मोठे केले. १८१८ मध्ये इंग्रजांनी थाळनेरचा किल्ला घेऊन किल्लेदाराला फाशी दिली, त्यानंतर त्या गावाचे महत्त्व परत आलेच नाही.

रेल्वेने या पट्ट्याला अर्धेच जवळ केले. भुसावळ–खंडवा मार्ग सावदा, रावेरवरून जातो, पण सुरतेची तापी व्हॅली रेल्वे नदीच्या दक्षिणेने गेली. त्यामुळे फैजपूरच्या पश्चिमेला चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा यांची सारी मदार रस्त्यावर राहिली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून नगर सजवले होते.

रावेर–यावलच्या पट्ट्यात रस्त्याचा खरा मालक केळी. पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग अशा दोन लागवडींमुळे कापणी वर्षभर थोडीफार चालूच असते. घड खांद्यावरून बांधापर्यंत येतात, तिथून ट्रकमध्ये केळीच्याच पानांच्या थरांवर रचले जातात. ट्रक खड्ड्यात आदळला की खालच्या थरातल्या फण्या दबतात आणि बाजारात पोहोचेपर्यंत काळ्या पडतात. म्हणून इथल्या शेतकऱ्याला डांबराची प्रत भावाइतकीच जवळची. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रस्त्याच्या साइडपट्ट्यांना अजून कसलेच मानांकन नाही.

१ मे १९६० पर्यंत अंकलेश्वर आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवसापासून खापरच्या पुढे राज्याची सीमा उभी राहिली. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तळोद्याच्या पुढचा तुकडा आता शेवाळी–नेत्रंग राष्ट्रीय महामार्गात मोडतो. हा पश्चिम भाग भिल्ल आणि पावरा वस्तीचा. सरदार सरोवरात बुडालेल्या नर्मदाकाठच्या गावांतील कुटुंबांना सोमावल, रोझवा अशा ठिकाणी तळोदा तालुक्यात वसवले, तेव्हापासून त्यांच्याही बाजारहाटाचा हाच रस्ता.

एका दिवसात या रस्त्याने गेले तर भाषा चारदा तरी बदलते. रावेर–यावलकडे लेवा बोली, पुढे अहिराणी, शहाद्याच्या आसपास गुजरी, मग भिलोरी आणि पावरी. अक्कलकुव्याच्या दुकानांत गुजराती सहज कानावर पडते. रस्त्याचे पूर्ण नाव मात्र कुणाच्याच तोंडी नसते. यावलला तो चोपडा रोड, चोपड्याला यावल रोड, शिरपूरला शहादा रोड. अंकलेश्वरचे नाव घेतो तो ट्रकवाला.