पाळण्यातनं पलंगावर, आणि मधे आलेला ‘कॉट’

दोन-अडीच वर्षाच्या पोराला क्रिबमधनं, म्हणजे बाळाच्या कठड्याच्या बिछान्यातनं, काढून मोठ्या बेडवर कधी झोपवायचं, हा प्रश्न आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत सारखा ऐकू येतो. आमच्या आईच्या वेळी तो नव्हताच, कारण मधला कठड्याचा बिछाना घरात नव्हता. पोर काठ धरून उठायला लागलं की पाळणा बंद, मग रात्री आईच्या कुशीत, जमिनीवर वाकळ घालून, कन्नड घरांत तिलाच कौदी म्हणतात. पुढं दुसरं बाळ झालं की पहिल्याची रवानगी आजीच्या अंथरुणात. आमच्याकडची खरी ‘बदली’ ती होती, आणि ती पोराच्या वयावर नाही तर धाकट्याच्या जन्मावर ठरायची. १९५२ ला देशात कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला, दोन मुलांतलं अंतर वाढवण्याला आपल्याकडं ‘पाळणा लांबवणं’ असंच म्हणायला लागले, आणि अंतर वाढलं तशी पोरं आईजवळ जास्त दिवस झोपायला लागली.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर धारवाड जिल्ह्यातल्या कलघटगीचा लाकडी तोट्टिल, म्हणजे पाळणाच, लाखेच्या रंगात देवादिकांची चित्रं काढलेला. तो ऐपतवाल्यांकडं. बाकीच्यांचं काम तुळईला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या झोळीवर भागायचं.

पण सगळ्यात मोठा घोळ आहे ‘कॉट’ या शब्दाचा, आणि तो नीट सोडवल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. आपल्याकडं कॉट म्हणजे मोठ्या माणसाचा लोखंडी पलंग, दवाखान्यात असतो, हॉस्टेलला असतो, घरी पुढच्या खोलीत आजोबांचा असतो. इंग्लंडमध्ये कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा, चारी बाजूंनी कठडे असलेला बिछाना. अमेरिकेत त्यालाच क्रिब म्हणतात आणि कॉट म्हटलं की घडीची खाट. आणि मुळात हा शब्द आपलाच आहे, आपली खाट सतराव्या शतकात इंग्रजीत गेली, तिकडं बाळाची झाली आणि आपल्याकडं परत आली ती मोठ्यांची होऊन. त्यात आपल्या सीमाभागात कन्नडची भर, त्यांचा मंच म्हणजे पलंग, त्यामुळं शेजारची कन्नड काकू “पोर मंचावरनं पडलं” म्हणाली की नवीन माणसाला वाटतं शाळेच्या गॅदरिंगला पडलं की काय.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. इंग्लंडमधल्या सूचनांत असतं की पहिले सहा महिने बाळ आई-बापाच्या खोलीत पण स्वतःच्या कॉटमध्ये झोपवा. आमच्या घरात हे तिकडच्या नातेवाइकांकडनं मोबाइलवर आलं आणि धाकट्या जावेनं अगदी मनापासून, स्वतंत्र कॉट हवी म्हणून, पाच महिन्यांच्या बाळाला स्टीलच्या कॉटवर दोन्ही बाजूला उशा लावून झोपवलं. उशीसकट बाळ खाली शहाबादी फरशीवर आलं. कपाळाला टेंगूळ आलं, नशिबानं तेवढ्यावर निभावलं, पण ती बिचारी आठवडाभर स्वतःला दोष देत होती आणि चूक तिची नव्हतीच, शब्दाची होती. उशांनी बाळाचा श्वास अडकू शकतो हा धोका वेगळाच. तसंच ‘कॉट डेथ’. झोपेत तान्ह्या बाळाचा अचानक, कारण न सापडता होणारा मृत्यू म्हणजे तिकडं कॉट डेथ. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी ते ऐकलं आणि घरातली लोखंडी कॉटच काढून टाका म्हणून हट्ट धरला. खरं तर त्याचा आणि लोखंडी पलंगाचा काही संबंध नाही. १९९१ पासून तिकडं बाळाला पाठीवर झोपवायची मोठी मोहीम झाली आणि असे मृत्यू खूप कमी झाले, सांगायचं ते हे होतं.

आता क्रिब. इकडं तो आला फ्लॅट झाले आणि पुण्या-बेंगळूरला नोकरी करणारी पोरं ऑनलाइन मागवायला लागली तेव्हा, म्हणजे अगदी अलीकडं. नियम सगळे बाहेरचे. दोन गजांमध्ये साधारण ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको हा अमेरिकेतला नियम १९७० च्या दशकातला. २०११ मध्ये तिकडं एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिबवर बंदी आली, कारण २००० पासून ३२ तरी बाळं त्या सरकत्या बाजूत अडकून दगावली होती. सेकंडहँड क्रिब घेताना हे आधी बघा.

काढायचं कधी, यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचं माप उंचीचं आहे, वयाचं नाही. पोर ३५ इंच, म्हणजे ८९ सेंटिमीटर झालं की क्रिब बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मुलांच्या वाढीच्या तक्त्यात दोन वर्षाच्या मुलाची मधली उंची ८७ च्या आसपास आहे, मुलीची त्याहून थोडी कमी, आणि त्या तक्त्यासाठी दिल्लीतलीही मुलं मोजली होती. म्हणजे बहुतेकांची वेळ दोन वर्षं उलटल्यावर येते. उंची कमी असूनही पोर कठड्यावर पाय टाकायला लागलं तर थांबायचं नाही. पण नर्सरीला नाव घातलं, आता मोठा झाला, म्हणून घाई करतात ते मला पटत नाही. २०१९ मध्ये पाच इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या दीड ते तीन वर्षांच्या जवळपास दोन हजार मुलांची पाहणी आली, त्यात क्रिबमध्ये झोपणारी मुलं लवकर झोपत होती आणि रात्री कमी उठत होती. क्रिबमुळंच ते झालं असं त्यातनं सिद्ध होत नाही, तरी घाई करायला तरी काही आधार नाही.

आणि मोठा बेड म्हणजे उंच बेड असं कुठंय. आपल्याकडं पलंग भिंतीला टेकवतात, त्या फटीत लहान पोर अडकू शकतं हे फार कमी जणांना माहीत असतं. बाजूला लावायचे कठडेही दोन वर्षांच्या पुढच्यांसाठीच असतात. त्यापेक्षा जमिनीवरची गादी बरी. रोममध्ये १९०७ ला पहिलं बालघर काढणाऱ्या डॉक्टरबाई मारिया मॉन्टेसरी यांचंही म्हणणं तेच होतं, मुलाला स्वतः चढता-उतरता येईल असं बुटकं अंथरूण. त्या १९३९ ला मद्रासला आल्या आणि काही वर्षं देशात राहिल्या, आणि इकडं तर आधीपासनं सगळे खालीच झोपत होते.

अडचण एकच, बेळगावचा पाऊस. जून ते सप्टेंबर फरशीला ओल येते, गादी खालनं दमट होते, वास मारते. म्हणून हल्ली काही घरांतनं सुताराला चार-पाच इंच उंचीचा, फळ्यांमध्ये फट ठेवलेला चौरंगासारखा पाट करायला सांगतात. आमच्या पुतण्यासाठी केला तो जुन्या पलंगाचे पाय कापून केला, दर आठवड्याला गादी उभी करून वारा लावला की पावसाळा निघतो.